बारा आणे हजर

सकाळच्या पाळीला हेमांगी दुर्गे बारा आणे कंट्रोल रूममध्ये होती आणि चार आणे भट्टीत. स्क्रीनवर तसं स्वच्छ लिहून आलं होतं.

लिहिणारा प्रोग्राम तिचाच. सिमेंटची ती लांबलचक, फिरती भट्टी नुसती गरम किंवा नुसती थंड कधीच नसते, थोडी ही आणि थोडी ती असते, हे यंत्राला शिकवण्यात तिची दोन वर्षं गेली होती. आज पहिली चाचणी. भट्टीच्या पोटात भिंतीला चिकटलेल्या मालाचं दगडासारखं कडं धरलं होतं आणि माल पुढे सरकेना. संध्याकाळपर्यंत ते पडलं नाही, तर भट्टी बंद आणि प्रोग्रामही बंद. प्रोग्रामनं भट्टीची अवस्था जोखली, आणि मग तिथे न थांबता हेमांगीलाही जोखलं.

"आत कसं आहे?" ऑपरेटर शेषरावांनी विचारलं.

"नारिंगी," ती म्हणाली. तिला हसू आवरेना. जिथे आजवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं तिथे ती उभी होती, आणि भाजत होतं तेही चार आणेच, वैशाखातल्या उन्हाइतकं. "भाऊ, कडं दिसतंय! पण अंधूक. कोळसा किंचित कमी करा."

शेषरावांनी केला. स्क्रीनवर आठ आणे इथे, आठ आणे तिथे. कडं स्पष्ट झालं. त्याच वेळी तिच्या खुर्चीची पाठ तापली आणि टेबलावर चुन्याची भुकटी उतरू लागली. तिच्यातलं जितकं तिकडे जाई, तितकी भट्टी इकडे येई. बेरीज सोळा आणेच राहिली पाहिजे, हा नियम तिनेच घातला होता.

फोन वाजला. प्लांट मॅनेजर वानखडे होते. "दुर्गे मॅडम आहेत का?"

"हाव साहेब, बऱ्यापैकी आहेत." शेषरावांनी फोन ठेवला. हेमांगीच्या बोटांमधून चहाचा कप अलगद खाली उतरत होता. "मॅडम, परत या. आमचा जीव काहून टांगणीला लावता?"

"आता कुठली परत येते! कड्याला भेग आहे, भाऊ! हवा वाढवा."

"वाढवली तर तुम्ही उरणार नाही."

"इथे नाही उरणार. वाढवा!"

त्यांनी वाढवली.

हेमांगीनं भेगेत दोन्ही हात घातले. भाजलं, सोळा आणे भाजलं, पण थांबायला सवड कुणाला होती? तिनं जीव खाऊन ओढलं. कडं गडगडत कोसळलं आणि लालबुंद खडे धो धो पुढे सुटले. ती ओरडली, नाचली, पुन्हा ओरडली.

भट्टीच्या झरोक्यातून कंट्रोल रूमची काच दिसत होती. आत वानखडे साहेब धावत आले होते. शेषराव भिंतीला पाठ लावून उभे होते. तिच्या खुर्चीत भट्टी बसली होती, सावकाश फिरत.

साहेबांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला. खुर्चीतूनही हात पुढे आला.