गाभ्याचं कपाट

"पप्पा, कपाट रिकामंच निघालं तर?"

हे विचारायची माझी छाती होणार नाही, असं माझ्या वर्गातल्या येटे आणि मालिन म्हणाल्या होत्या. म्हणून मी मुद्दाम सगळ्यांदेखत विचारलं. सगळे म्हणजे पप्पा, त्यांच्यासाठी लोण्याचे ब्रेझेल, म्हणजे पिळाचे खारे पाव, घेऊन आलेली आई, आणि युरोपीय संघाच्या ब्रसेल्सच्या कचेरीतून तपासणीला आलेल्या किंटेलाबाई.

जर्मनीत, कार्ल्सरूहमध्ये, संविधान न्यायालयामागच्या खोलीत हे कपाट आहे. त्यात आमच्या संविधानाचा गाभा ठेवलेला असतो. युरोपीय संघाचा कायदा देशभर चालतो, पण या कपाटाला त्यानं हात लावायचा नाही. पप्पा दिवसभर त्याच्यासमोर खुर्चीत बसतात. आधी आजोबा बसायचे. शाळा संपली की मी बसणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मला मात्र कुणी विचारलेलं नाही.

"रिकामं असलं," पप्पा शांतपणे म्हणाले, "तरी ते रिकामेपण आपलं आहे. ब्रसेल्सचं नाही."

"आम्ही आदरच करतो हो त्याचा," किंटेलाबाई म्हणाल्या. "तसा करारच आहे. पण कशाचा आदर करतोय, ते तरी दाखवाल?"

"दाखवलं की तुम्ही म्हणणार, हा कसला गाभा, ही तर चादर आहे."

"म्हणजे चादर आहे?"

"मी कुठे म्हणालो?"

"बरं, किल्ली कुणाकडे असते?"

"आत आहे. सुरक्षित."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तुम्ही खाऊन घ्या," म्हणत आईनं ब्रेझेल पुढे केले.

खाता खाता बाई मला म्हणाल्या, "बाकीच्या देशांतही हेच गं. एकही उघडलेलं पाहिलं नाही मी. काही जण तर आमच्याकडे कपाटच नाही म्हणतात, आणि त्याच्यापुढे पडदा धरून उभे राहतात."

"आणि तुम्ही काय करता?"

"आदर करते. मग पुढची गाडी पकडते."

पप्पा उठले. "टिल्डा, बस जरा. सवय होईल."

मी बसले. समोर कपाट. खिडकी पाठीमागे. मान वळवली तर पप्पा म्हणाले, "अंहं, समोर."

मी उठलेच.

"पप्पा, आई, मी इथे बसणार नाही. शाळा संपली की बाईंच्या खात्यात जाणार. कपाटं तिथेही बंदच असतील, पण निदान वेगवेगळी असतील."