हरकत क्रमांक सात

अकरा वाजता माझे वडील गैरहजर ठरले आणि बारा वाजता दिवंगत. दोन्ही नोंदी आमच्या नगरपालिकेत, कौतिक नावाच्या एकाच लिपिकाने, एकाच पेनाने केल्या.

वडील, जीवराम बडगुजर, याच पालिकेत चौतीस वर्षं वॉलमन होते. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या हातातली लांब लोखंडी चावी ठरवायची. गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणायचे. फेब्रुवारीत ते गेले. त्याआधी तीन आठवडे त्यांनी पालिकेकडे एक लेखी हरकत दिली होती. तिच्या सुनावणीची नोटीस एप्रिलमध्ये त्यांच्याच नावाने घरी आली. ‘व्यक्तिशः हजर राहावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.’

मी धुळ्याला नोकरी करते. रजा टाकून आले.

विषय भाजी मंडईचा होता. जुने ओटे पाडून तिथे तीन मजली व्यापारी संकुल, त्याखाली बारा फूट खोल तळघर, गाड्या लावायला, आणि समोर रंगीत दिव्यांचं कारंजं. या सगळ्याला ‘नागरी पुनरुज्जीवन’ असं नाव दिलं होतं. मंडईच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र होतं. त्यात एक गोरी बाई फुगा धरलेल्या मुलीला घेऊन चालली होती आणि तिच्या मागे आमच्या तालुक्यात कधीच न उगवणारी झाडं होती. नळाला सहाव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावाला कारंजं देणारी माणसं मूर्ख असतात असं नाही. त्यांना फक्त घरी नळाची वाट पाहावी लागत नाही.

नानांची हरकत मात्र कारंज्यावर नव्हती. चांगलं दिसण्या-न दिसण्यावर त्यांनी कधी मत दिलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की खालच्या पेठेला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन मंडईखालून जाते आणि तळघर खोदलं की ती फुटेल. पालिकेच्या नकाशात ती पाइपलाइन मेन रोडखाली दाखवलेली आहे. नकाशा चूक आहे, हे गावात एकट्या नानांना ठाऊक होतं, कारण विसाव्या वर्षी ती जमीन खोदणाऱ्या मजुरांत ते होते.

येत्या रविवारी भूमिपूजन होतं. त्याच्या आत हरकत ऐकली गेली तर ठीक, नाहीतर सोमवारी मशीन लागणार होतं.

पालिकेच्या पायरीवर भिकुबाई बसलेल्या भेटल्या. मंडईत चाळीस वर्षं वांगी-मिरच्या विकतात, खालच्या पेठेत राहतात. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “माय, तुना बाप गया, आते आम्हनं कोन सांगी?”

“मी सांगते ना.”

“तुले इचारतीन का त्या?” त्यांनी वरच्या खिडकीकडे हनुवटी उडवली. “त्यास्ले कारंजं पाहिजे. अठे प्याले पानी नही, त्यास्ले नाचाडाले पाहिजे.”

सुनावणी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात होती. साहेब तरुण होते, बदलून येऊन चार महिने झाले होते आणि पुढच्या बदलीच्या तयारीत असल्यासारखे बसले होते. कौतिक एकेक नाव पुकारत होता.

“हरकत क्रमांक सात. जीवराम झुलाल बडगुजर.”

मी उभी राहिले. “मी त्यांची मुलगी, दिपमाला. ते वारले.”

साहेबांनी मान डोलावली. “आय अॅम सॉरी. पण हरकतदार स्वतः हवा.”

“ते येऊ शकत नाहीत.”

“हो, तेच. म्हणजे गैरहजर.” त्यांनी कौतिककडे पाहिलं. कौतिकने लिहायला घेतलं.

“मी त्यांचा अर्ज वाचून दाखवते. सोबत हाताने काढलेला नकाशा आहे. पाच मिनिटं लागतील.”

“मॅडम, तुम्ही इथल्या रहिवासी आहात का? मतदार यादीत नाव?”

“धुळ्याला आहे.”

“मग कसं होणार?” ते खरोखरच कष्टी झाल्यासारखे दिसले. “नवीन हरकतीची मुदत संपली. जुनीला हरकतदार नाही.”

कौतिक मदतीच्या सुरात म्हणाला, “ताई, वारस नोंद लावून आणली असती तर बघता आलं असतं. मृत्यूचा दाखला आहे का?”

“तुम्हीच दिलाय. तुमच्याच सहीचा आहे.”

“हां, मग आहेच,” तो म्हणाला आणि ‘गैरहजर, सबब हरकत निकाली’ असं लिहून त्याने पुढचं नाव पुकारलं.

मी बाहेर पडले, तोच नगराध्यक्षांचा निरोप आला. अभिमन आप्पा. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध, बोलताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरायची सवय. त्यांनी माझा धरला.

“बेटा, नाना म्हणजे आमचं दैवत. लहानपणी आमच्या गल्लीत पाणी आलं नाही की आई म्हणायची, जा, जीवरामभाऊला बोलाव.” मग खुर्ची पुढे ओढली. “आज सभेत आपण एक मोठी गोष्ट करतोय. पहिला विषय नानांचा शोकप्रस्ताव. आणि नवीन संकुलाला त्यांचं नाव. स्वर्गीय जीवराम बडगुजर व्यापारी संकुल. कसं वाटतं?”

मला काय वाटत होतं ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, “नाव का?”

“का म्हणजे? पेठेतला माणूस. पेठेतल्या लोकांच्या मनात जरा शंका आहेत. नानांचं नाव लागलं की त्यांना वाटेल, आपलंच आहे.” एक कागद माझ्यापुढे सरकला. कुटुंबाचं संमतीपत्र. नाव, नातं, सही. “सभेत स्टेजवर या. दोन शब्द बोला, सही करा. फोटोग्राफर बोलावलाय.”

“नानांनी या कामावर हरकत घेतली होती, आप्पा.”

“ऐकलं मी. पण ती तर आता निकाली निघाली ना?” ते हसले. चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. हरकत घेणाऱ्याचं नाव त्याच कामाला देण्यात काही विचित्र आहे, हे त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. लबाड माणूस निदान डोळे तरी चुकवतो.

“दोन शब्द बोलेन,” मी म्हणाले.

सभागृहात एकवीस नगरसेवक होते. त्यांतल्या अकरा बाया, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींचे नवरे मागच्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसलेले. खुणा तिथून व्हायच्या, हात इथे वर व्हायचे. खालच्या पेठेची नगरसेविका पुनम पहिल्याच रांगेत होती, तिचा नवरा नवल तिच्या नेमका मागे. त्यांच्या मागच्या भिंतीला टेकून भिकुबाई आणि पेठेतल्या सात-आठ जणी उभ्या होत्या.

कौतिकने शोकप्रस्ताव वाचला. त्यात नाना ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ आणि ‘शिक्षणप्रेमी’ होते. तिसरा शब्द आधीच्या कुणाच्या तरी प्रस्तावातून राहून गेला असावा. दोन नगरसेवकांनी भाषणं केली. एकाने नानांना हेडमास्तर केलं. मग आप्पांनी माईक माझ्या हातात दिला आणि संमतीपत्र टेबलावर माझ्यासमोर सरळ करून ठेवलं. त्यावर कौतिकचा पेनही ठेवला.

मी पर्समधून नानांचा अर्ज काढला.

“मला बोलता येत नाही,” मी म्हणाले. “नानांचं शेवटचं लिखाण आहे, तेच वाचते.”

आप्पांनी ‘वाचा, वाचा’ अशी मान हलवली. कुणीतरी भावुक होऊन चष्मा पुसला.

“मी खाली सही करणार, जीवराम झुलाल बडगुजर, निवृत्त वॉलमन, अर्ज देतो की, खालच्या पेठेची आठ इंची बिडाची पाइपलाइन आपल्या नकाशात मेन रोडने दाखवली आहे. ती तिथे नाही.”

साहेबांची मान वर झाली. आप्पांना कळायला आणखी एक वाक्य लागलं.

“रोडखाली काळा दगड लागला म्हणून ती मंडईतून तिरपी नेली—”

“बेटा,” आप्पा दुसऱ्या माईकवर म्हणाले, “आपल्या भावना आम्ही समजतो. आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्ध राहू या. चला, उभे राहा सगळे.”

एकवीस खुर्च्या सरकल्या. माना खाली गेल्या, हात पुढे जुळले. कौतिकने वेळ लावायला मोबाइल समोर धरला. सभागृह शांत झालं. इतकं शांत त्या सभागृहाला कुणी कधी पाहिलं नसेल.

मी वाचत राहिले.

“खोदणाऱ्यांत मी होतो. पूर्वेकडून तिसऱ्या ओट्याखाली साडेचार फुटांवर पाइप आहे. त्या वेळी नकाशा दुरुस्त करायचा राहिला. त्याबद्दल मी नोकरीत असताना दोन अर्ज दिले होते.”

मला थांबवायचं तर कुणालातरी मौन मोडावं लागणार होतं. नानांना श्रद्धांजली वाहताना नानांच्या मुलीवर ओरडावं लागणार होतं. आप्पांचा जबडा हलत होता, पण तोंड मिटलेलं होतं. साहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. मागे नवलच्या फोनवर कसलंसं लग्नातलं गाणं वाजलं. त्याने तो घाईघाईने छातीशी दाबला, तरी ते आतून वाजत राहिलं.

“तळघर खोदल्यास साडेचारशे नळ बंद पडतील. ऐन उन्हाळ्यात तेवढे टँकर मिळणार नाहीत. माझे म्हणणे आहे की आधी एक खड्डा खोदून बघावे. जागा मी दाखवीन. मला बोलवावे.”

हा अर्ज मी घरी अनेकदा वाचला होता, पण ते शेवटचे दोन शब्द मोठ्याने कधी वाचले नव्हते.

“आपला विश्वासू,” मी म्हणाले, आणि नाव वाचलं.

“ओम शांती,” आप्पा इतक्या घाईने म्हणाले की कौतिकच्या मोबाइलवर अजून चौदा सेकंद उरले होते. “विषय क्रमांक दोन. मंडई पुनरुज्जीवन. सर्वानुमते मंजूर. विषय तीन—”

“नाही,” पुनम म्हणाली.

ती अजून उभीच होती. मागून नवल खाकरला.

“काय नाही, ताई?” आप्पांनी विचारलं.

“सर्वानुमते नाही. माझा विरोध लिहा.”

“पुनम, बस खाली,” नवल मागून दबक्या आवाजात म्हणाला. “मी सांगतो काय करायचं ते.”

ती वळली. “अहो, पाणी मी भरते. पहाटे चारला मोटर लावायला तुम्ही उठता का? आपला वॉल कुठे आहे, सांगा बरं या सगळ्यांना.”

नवलने छताकडे पाहिलं. भिंतीपाशी भिकुबाई मोठ्याने म्हणाल्या, “सांग ना रे भाऊ! कठे शे?”

पेठेतल्या बाया हसल्या आणि मग दोन-तीन नगरसेविकाही हसल्या, तोंडावर पदर धरून. त्यांतल्या एकीने हात वर केला. तिचं माहेर खालच्या पेठेतलं. मग आणखी एकीने केला. दोघींच्या नवऱ्यांनी मागून काही खुणा केल्या, पण दोघींनी मागे बघितलंच नाही. आप्पांनी हात मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता त्यांचा आवाज बदलला. खुर्ची राखलेल्या माणसाला वारा ओळखता येतो, तेवढी विद्या त्यांच्याकडे होती.

“पालिका लोकभावनेचा आदर करते,” ते म्हणाले. “मुख्याधिकारी, एक खड्डा घ्या. शंका राहायला नको.”

संमतीपत्र तसंच टेबलावर होतं. पेन मी कौतिकला परत दिला.

खड्डा शनिवारी सकाळी घेतला. मी पोचायच्या आधीच मंडईत भूमिपूजनाच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. नानांच्या नकाशावरून मी पूर्वेकडून तिसरा ओटा दाखवला. अभियंता म्हणाला, “मॅडम, आमच्या रेकॉर्डप्रमाणे इथे काहीच नाही,” आणि खोदायला सांगितलं. दोन मजुरांनी फरशी उचलली आणि मशीन लावलं. माती लागली, मग मुरूम. चार फुटांनंतर मशीन थांबवून पहारीने काम केलं. थोड्या वेळाने पहार लोखंडाला लागल्याचा आवाज आला आणि मजूर वर बघून म्हणाला, “आहे.”

अभियंत्याने टेप सोडला. चार फूट सात इंच. “एक इंच फरक आहे,” त्याने समाधानाने नोंदवलं.

आप्पा खड्ड्याच्या कडेला आले. त्यांनी खाली पाहिलं, मग फोटोग्राफरकडे पाहिलं, आणि एक पाय मातीच्या ढिगावर ठेवला. मला हाक मारली. मी जागची हलले नाही. मग त्यांनी साहेबांना शेजारी घेतलं. पेपरात काय छापून येणार ते मला तिथेच कळलं होतं आणि तसंच आलं: पालिकेच्या दक्षतेमुळे मोठी दुर्घटना टळली, आधी पाइपलाइन वळवणार, मग काम. नानांचं नाव त्यात नव्हतं. त्याबद्दल मी पालिकेची आभारी आहे.

भूमिपूजन पुढे ढकलल्याचं जाहीर करायला आप्पांनी माईक घेतला. पेठेतल्या बाया समोर उभ्या होत्या. “माता-भगिनींनो,” ते म्हणाले, “पाणी हा माझ्या जिव्हाळ्याचा—”

खड्ड्यातून आवाज आला. आधी एक गुरगुर, मग पाइपाच्या अंगातून काहीतरी धावत गेल्यासारखा सरसर आवाज. वरच्या टाकीपाशी नव्या वॉलमनने पेठेचा वॉल उघडला होता. सहावा दिवस होता.

“उनं, पानी उनं!” भिकुबाई ओरडल्या.

बाया वळल्या आणि निघाल्या, कुणी चालत, कुणी पळत. एक चप्पल ढिगाऱ्यात अडकली, ती तिथेच राहिली. पुनमने नगरसेविकेचा बिल्ला पर्समध्ये टाकला आणि साडीचा काठ वर धरून तीही गेली. आप्पा खुर्च्यांपुढे बोलत राहिले, कारण फोटोग्राफर अजून होता.

भिकुबाईंचा गुडघा दुखतो, त्या मागे राहिल्या होत्या. “चाल माय,” त्या म्हणाल्या, “मनी टाकी उघडीच शे, पन हंडा कोन उचली?”

मी नानांचा नकाशा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्यांच्याबरोबर पेठेकडे निघाले. पाणी पाऊण तासच असतं.