टाचणीचे पोट आणि माझी दुसरी नोकरी

मी एक जुना स्टीलचा वाडगा आहे. माझ्या कडेला पोचे पडले आहेत आणि तळ घासून घासून इतका मंद झाला आहे की त्यात कोणाला आपले तोंड धड दिसत नाही. मित्रांनो, वाडगा म्हटले की लोकांना लगेच भीक आठवते. पण मी आयुष्यात कोणापुढे पसरला गेलो नाही. उलट देण्यातच माझे दिवस गेले. तरुणपणी मी खिळे देत होतो आणि म्हातारपणी जेवण देतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. मी आधी पत्र्याची एक साधी चकती होतो. वरून साचा असा दणकन आदळला की क्षणात मी खोलगट झालो. मग पॉलिश करणाऱ्या बाईंनी मला फिरत्या चाकावर धरले आणि मला जी काही चकाकी आली ती आली. आपण एखाद्या मोठ्या घरात जेवणाच्या टेबलावर विराजमान होणार, अशी माझी पक्की समजूत होती.

प्रत्यक्षात मी गेलो एका दुकानात. तिथे जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवे कापड चढवून देत. दुकानाचे कारागीर होते अण्णा. त्यांनी मला बाजारातून आणले, टेबलावर ठेवले आणि माझ्यात मूठभर बारीक खिळे ओतले. मला रडू यायचेच बाकी होते! पण अण्णांचे काम बघितले आणि माझा राग गेला. ते माझ्यातले चिमूटभर खिळे उचलून सरळ तोंडात टाकत, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणत, लोहचुंबकाच्या हातोडीने तो टिपत आणि ठक्‌कन कापडावर मारत. हात आणि तोंड यांची अशी जोडी मी पुन्हा पाहिली नाही. दिवसभर तोंडात खिळे असल्यामुळे गिऱ्हाइकांना वाटे, हे अण्णा किती शांत स्वभावाचे! खिळे संपल्यावर ते किती बोलत, हे फक्त मला माहीत होते.

वर्षे गेली. अण्णांचे हात थरथरू लागले आणि दुकान त्यांच्या मुलाने हाती घेतले. तेव्हापासून मी त्याला मालक म्हणतो. मालकाने हवेवर चालणारी पिनांची बंदूक आणली. फट्‌ फट्‌ फट्‌, की एक बाजू तयार! मग खिळे कोणाला हवेत आणि खिळ्यांचा वाडगा तरी कोणाला हवा? मी टेबलाखाली गेलो. माझ्यात भुसा साठला, कापसाचे पिंजण साठले, एका कोळिणीने जाळे विणून संसारही थाटला. मला फार वाईट वाटे. समोरच्या खुर्चीवर अण्णा दिवसभर हात मांडीवर ठेवून बसलेले असत, त्यांनाही वाटत असणार.

एक दिवस मालक लाकडाच्या वखारीतून सोफ्याच्या चौकटी घेऊन आला, तेव्हा टेम्पोत चौकटींबरोबर एक पिल्लू होते. वखारीतल्या कुत्रीला पिल्ले झाली होती आणि हे त्यातले सर्वांत काटकुळे. अंगाने काडीसारखे आणि दात असे अणकुचीदार, की मालकाच्या मुलीने, छकुलीने, तिथल्या तिथे तिचे नाव टाचणी ठेवून टाकले. मालकिणीने कमरेवर हात ठेवून बजावले, "स्वयंपाकघरातलं एकही भांडं मिळणार नाही हं!" छकुली शोधत शोधत टेबलाखाली आली. कोळिणीची क्षमा मागून तिने मला बाहेर काढले आणि घासून लख्ख केले. माझ्यात पहिल्यांदा अन्न पडले, टाचणीने ते चाटूनपुसून खाल्ले आणि मला आकाश ठेंगणे झाले. शेवटी मी जेवणाचा वाडगा झालो होतो! टेबल नव्हते, फरशी होती, एवढेच.

पण माझा आनंद फार टिकला नाही, कारण टाचणीच्या पोटात काही टिकेना. माझ्यात तोंड घालायची, फडशा पाडायची आणि थोड्या वेळाने कोपरा शोधत धावायची. बिचारीचे पोट सारखे गुरगुरे. मालकीण फडके घेऊन मागे, छकुली बादली घेऊन तिच्या मागे.

या घरातली माणसे निष्काळजी होती असे मात्र समजू नका. उलट काळजी जरा जास्तच होती. मालकाचा हात सोफ्यांवर बसलेला. बैठक खचली की आतले सगळे उपसून टाकायचे आणि नवे भरायचे, ही त्याची रीत. टाचणीच्या पोटालाही त्याने तीच रीत लावली. एका जातीचे कोरडे खाणे आणले, पोट बिघडले, की ती पिशवी बाद. दुसऱ्या दिवशी नवी पिशवी, नवा वास, नवा रंग. तेही बिघडले की तिसरे. मालकीण वाईट वाटून मध्येच अंडे घाली. छकुली आपल्या पावाच्या लोणी लावलेल्या कडा तिला चारी. आणि दुपारी सगळे वर घरात गेले की अण्णा आपल्या कपातले दूध माझ्यात ओतत आणि टाचणीने ते संपवले की मला साळसूदपणे जागेवर सरकवून ठेवत. मी सगळे बघत होतो. ओरडून सांगावेसे वाटे. पण वाडग्याला तोंड असते, जीभ नसते.

मग ते आमच्या एका गिऱ्हाइकाच्या, मास्तरीणबाईंच्या, सोफ्याचे प्रकरण झाले. सोफा नुकताच पुरा झाला होता. मलईच्या रंगाचे कापड, एक सुरकुती नाही. तो न्यायला टेम्पो यायचा होता आणि टाचणीला वाटले, झोपायला यापेक्षा मऊ जागा कुठे मिळणार? पुढे काय झाले ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. मालकाने कापड फाडून काढले आणि पुन्हा नवे बेतायला घेतले. मग कात्री खाली ठेवून तो म्हणाला,

"बास झालं. आठवडाभर बघतो. हिचं पोट ठिकाणावर आलं तर ठीक, नाही तर ही परत वखारीत."

"बाबा, तिथे ट्रक मागे घेतात! तिला कळतसुद्धा नाही अजून!" छकुली म्हणाली.

"मग मी काय करू? दुकान बंद करू?"

छकुलीने टाचणीच्या मानेत तोंड खुपसले. टाचणी तिचे कान चाटत बसली. आपल्यावर काय बेतले आहे, याची तिला काय कल्पना!

मालकिणीने टाचणीला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे ठरवले. काय खाते ते बरोबर आणा, असे त्यांनी सांगितले होते, म्हणून मालक आणि छकुली यांच्याबरोबर पिशवीतून मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी टाचणीचे पोट चाचपले, हिरड्या पाहिल्या, शी तपासली. जंत नव्हते, ताप नव्हता.

"खायला काय देता?"

"चांगलंच देतो हो," मालक जरा दुखावून म्हणाला. "पोट बिघडलं की लगेच बदलतो. हयगय नाही."

"किती वेळा बदललंत?"

मालक बोटे मोजू लागला. एक हात संपला, तेव्हा त्याने दुसरा पुढे केला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"धंदा काय तुमचा?"

"सोफे भरतो."

"तरीच! अहो, पोट म्हणजे सोफा नव्हे, सगळं उपसलं आणि नवं कोंबलं. नव्या अन्नाची पोटाला ओळख व्हावी लागते. तुम्ही रोज नवा पाहुणा पाठवताय, ते बिचारं दार उघडून उघडून दमलंय. आता असं करा. थोडे दिवस नुसतं उकडलेलं चिकन आणि मऊ भात. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा. मात्र भातावरच पिल्लू वाढत नाही, म्हणून मग पिल्लांचं एकच खाणं निवडायचं आणि त्या भातात आधी चिमूटभर मिसळायचं. पोटानं ते मानलं की जरा जास्त. घाई नाही. आणि दूध, लोणी, बिस्किटं सगळं बंद. कोणी देत नाही ना?"

"छे, छे!" मालक म्हणाला. छकुली आपल्या चपलेकडे पाहू लागली.

"उलट्या झाल्या, रक्त दिसलं किंवा ही मलूल पडली, तर मात्र वाट बघू नका. सरळ इकडे आणा."

घरी आल्यावर माझ्यात साधा भात आणि चिकन पडू लागले. छकुलीने पावाच्या कडा स्वतः खायला सुरुवात केली, तोंड वाकडे करून का होईना. टाचणीचे पोट जरा शांत झाले. ती पोटभर झोपू लागली. मालकही माप घेता घेता शिट्टी वाजवू लागला. आणि मग एकाएकी पुन्हा तेच. पुन्हा गुरगुर, पुन्हा धावाधाव, पुन्हा फडके. मालकाचा चेहरा उतरला. तो वखारवाल्याला फोन करायचे बोलू लागला.

त्या दुपारी छकुली मला घासायला घेऊन गेली, तेव्हा तिला माझ्या आतल्या कडेला एक पांढरे, वाळलेले वळे दिसले. तिने ते बोटाने खरवडले, हुंगले आणि ती मला तशीच हातात घेऊन अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, दूध तुम्ही घातलंत?"

अण्णा बराच वेळ असे गप्प बसले, जणू तोंडात खिळे आहेत.

"थोडंसंच गं," ते शेवटी म्हणाले. "नाही दिलं तर ती माझ्याकडे येईल कशाला? तू तिच्याशी खेळतेस. तुझा बाप तिला फिरवतो. तुझी आई तिच्यासाठी शिजवते. मला तर तिची दोरीसुद्धा धरवत नाही. दूध असतं म्हणून येते बिचारी."

छकुली हळूच म्हणाली, "आणि ती वखारीत गेली म्हणजे कोणाकडे येईल, आजोबा?"

अण्णा उठले. थेट मालकाजवळ गेले. मालक कापडावर खडूने खुणा करत होता.

"दूध मी देत होतो," अण्णा म्हणाले. "तिला पाठवू नकोस. खोडी माझी आणि घर तिचं जायचं, हा कुठला न्याय?"

मालकाचा खडू थांबला. तो रागावणार असे मला वाटले आणि त्याच्या कपाळावर आठी आलीही होती. पण जिन्यात उभी असलेली मालकीण आधी बोलली.

"मी सांगू का? सगळ्यांचेच हात त्या वाडग्यात जातात, म्हणून हे होतंय. मी तरी अंडं घातलंच की. आता एकाच माणसाच्या हातून जेवण पडू दे. अण्णांच्या."

"माझ्या?" अण्णा गडबडले. "अगं, माझे हात बघ. अर्धं बाहेर सांडेल."

"सांडू दे. तीच चाटून टाकेल. फरशी पुसायला तर ती माझ्यापेक्षा बरी आहे."

मालक हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "चालेल. आणखी आठवडा बघू. पण अण्णा, जबाबदारी तुमची. मीसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

मित्रांनो, त्यानंतर अण्णांचे जे काम मी पाहिले, त्याला तोड नाही. जुन्या काळी ते खुर्ची भरत तेव्हा पिंजणाचा एक पातळ थर घालत, तळव्याने दाबून बघत, मगच दुसरा घालत. तसेच ते माझ्यात जेवण घालू लागले. भातात नव्या खाण्याची चिमूट पडे. मग टाचणी कशी झोपते, पोट वाजते का, शी कशी आहे, हे सगळे बघून दुसऱ्या चिमटीचा विचार. कधी त्यांना शंका आली तर ते होते तिथेच थांबत. "अण्णा, वाढवा की आता," मालक म्हणे. "तू तुझी बंदूक चालव," अण्णा उत्तर देत. दाणे सांडत, हे खरे. ते माझ्या कडेवर टणटण आपटत आणि मला ऐकायला फार गोड वाटत.

हळूहळू माझ्यातला भात कमी झाला आणि नवे खाणे वाढले. एके सकाळी मागच्या अंगणातून मालकाची आरोळी आली, "अगं ए, लवकर या सगळे! अण्णा, या! बघा तरी!" काय झाले म्हणून सगळे धावले. नेमक्या त्याच वेळी मास्तरीणबाई आपल्या खुर्च्यांसाठी कापड पसंत करायला आल्या. बघतात तो काय, अख्खे कुटुंब गोल करून जमिनीकडे कौतुकाने बघत उभे! "अगदी घट्ट झाली हो!" मालकीण भान विसरून त्यांना म्हणाली. मास्तरीणबाईंनी पदर नाकाला लावला, पण अण्णांचा चेहरा पाहून त्याही म्हणाल्या, "अभिनंदन!" वखारवाल्याला फोन करायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

आता टाचणीच्या अंगावर मांस आले आहे. नाव बदलावे लागेल, असे छकुली चिडवते.

परवाची दुपार सांगतो आणि थांबतो. टाचणीचे जेवण झाले होते. मी घासून दाराशी पालथा पडलो होतो. अण्णा खुर्चीवर बसले होते. टाचणी त्यांच्याकडे गेली आणि त्यांचे तळवे हुंगू लागली. अण्णांनी दोन्ही हात उघडून तिच्यापुढे धरले. "काही नाही गं माझ्याकडे," ते म्हणाले. "खरंच काही नाही." आणि ती परत जाईल म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

टाचणी गेली नाही. तिने ते थरथरणारे हात चाटले, अण्णांच्या पावलावर हनुवटी टेकली आणि झोपून गेली. चहाला हाक आली, पुन्हा आली. अण्णांचा पाय आखडला होता, तरी ते हलले नाहीत. छकुली बोलवायला खाली आली, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि ओठांवर बोट ठेवले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादे पिल्लू असेल आणि ते तुमच्या ताटाकडे आशेने बघत असेल, तर माझ्यासाठी एवढे करा. त्याच्या पोटाला मानवेल तेच आणि बेताबेताने त्याला द्या, मग त्याने कितीही गयावया केली तरी. ते आपल्यावर रुसेल, अशी भीती वाटलीच, तर एकदा रिकाम्या हातांनी त्याच्याजवळ जाऊन बसा.