चिकट्याचा अंगठा

माझ्या धाकट्या भावाने आजवर तीन लढाऊ रोबो बनवले आणि तिन्ही हरले. पहिला स्वतःच्याच हातोड्याने मोडला. दुसऱ्याने रिंगणात उतरल्याबरोबर पाठ फिरवली आणि पुन्हा तोंड म्हणून दाखवलं नाही. तिसऱ्याला आग लागली, तीही लढत सुरू व्हायच्या आधी. एवढ्यावर माणूस शहाणा झाला असता. पण आमच्या घरात शहाणपण माझ्या वाट्याला आलं आणि हौस त्याच्या, म्हणून मागची खोली त्याच्या रोबोंची आणि हॉलमधलं कपाटामागचं अंथरूण माझं.

आमचं पार्सलं बांधून द्यायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. लोक काचेची भांडी, घड्याळं, लग्नात आलेले आणि कोणालाच न आवडलेले दिवे घेऊन येतात, आम्ही ते खोक्यात घालून, खाकी चिकटपट्टी मारून देतो. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा भाऊ म्हणाला होता, "ताई, मागची खोली रिकामी करतो, तोवर हॉलमध्ये झोप." त्याचं 'तोवर' अजून चालू आहे. कपाट हीच माझी भिंत, आणि कोणी रुमाल काढायला आलं तरी माझी भिंत हलते. मला ती खोली हवी होती. दार लोटून घेतलं की आपण आणि आपलं डोकं, एवढंच.

माझी भावजय माझ्या बाजूने होती. एक दिवस जेवताना तिने सगळ्यांसमोर भावाला पेचात धरलं.

"या खेपेला एक लढत जिंकून दाखवा. नाहीतर खोलीतला तुमचा पसारा बाहेर आणि ताई आत."

"मान्य," भाऊ म्हणाला आणि त्याने आणखी भात घेतला. त्याला हरायची इतकी सवय होती की जिंकण्याबद्दल त्याला कसली शंकाच नव्हती.

चौथा रोबो त्याने दुकानात बसूनच योजला. इतरांचे रोबो करवत फिरवतात, हातोडा मारतात, भाल्याने भोसकतात. भावाला हे तत्त्व म्हणूनच पटेनासं झालं होतं. "ताई, आपण जन्मभर काय केलं? वस्तू मोडू नये म्हणून झटलो. मग मी का मोडू? मी त्याला बांधणार."

"कशाने?"

"चिकटपट्टीने."

मी हसले नाही, कारण त्याच्या या बोलण्यावर हसायला लागलं तर दुकान कोण बघणार? पण मनात म्हटलं, खोली आपली झाली.

रोबो बुटाच्या खोक्याएवढा झाला. भावाने त्याचं नाव ठेवलं चिकट्या. खाली दोन चाकं, पोटात चिकटपट्टीचं रीळ, पुढे एक हात. समोरच्याच्या फिरत्या पात्याला पट्टीचं टोक चिकटवायचं, मग ते पातं जितकं जोरात फिरेल तितकं स्वतःलाच गुंडाळून घेईल. कागदावर हे झकास होतं. प्रत्यक्षात टोक चिकटेना. भाऊ आठवडाभर इस्त्री, किटली आणि माझी चप्पल बांधायला बघत होता, आणि रोबो त्यांच्याभोवती पट्टी ओढत नुसता प्रदक्षिणा घालत होता.

शेवटी मला राहवेना. "अरे, तू टोक नुसतं टेकवतोस. ते दाबायला लागतं. आधी शेंडा दुमडायचा, धूळ आत जाते. मग अंगठ्याने दाबून क्षणभर तसंच धरायचं. दुकानात रोज करतोस ना?"

"दुकानात अंगठा असतो."

"मग त्याला अंगठा दे!"

माझ्या चपलेचा तळवा कापून मीच तो अंगठा बनवला. त्याला दोन हालचाली दिल्या, दुमडणं आणि दाबणं. त्यांच्यासाठी वेगळा रिमोट, त्याला एकच बटण, आणि ते बटण माझ्याकडे, कारण भावाच्या हाताला थांबणं ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी चिकट्याने किटली बांधली, इस्त्री बांधली आणि भावजयीचा पाय बांधून त्यावर 'नाजूक वस्तू' ही चिठ्ठीही डकवली. भावजय एका पायावर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"ताई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूला आहात?"

"माझ्याच," मी म्हटलं, आणि तेव्हा तरी ते खरं होतं. मुद्दाम वाईट काम करणं माझ्याच्याने झालं नसतं. पण माझा भावाच्या नशिबावर पूर्ण विश्वास होता. ते नशीब आजवर कधी त्याच्या मदतीला आलं नव्हतं.

लढती एका शाळेच्या व्यायामशाळेत होत्या. मधोमध जाड पारदर्शक भिंतींचं रिंगण आणि भोवती बाकांवर माणसंच माणसं. आमच्यासमोर आले एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या रोबोचं नाव अक्कलदाढ. त्याच्या पुढ्यात एक तबकडी फिरायची, तिला पोलादी दात होते, आणि आवाज दवाखान्यातल्यासारखाच. माझी जीभ आपोआप दाढेवर गेली.

पंच हे त्या शाळेचेच कवायतीचे मास्तर होते. त्यांनी चिकट्याला उलटंपालटं करून पाहिलं.

"शस्त्र कुठे आहे?"

"ही चिकटपट्टी," भाऊ म्हणाला.

"हिने समोरच्याला इजा काय होते?"

"काहीच नाही. उलट जपला जातो."

"जाळं चालत नाही, दोरी चालत नाही, आग चालत नाही," पंच नियम आठवत म्हणाले. "चिकटपट्टीचं काही म्हटलेलं नाही."

"चालू द्या हो," डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले. "मलाही गंमत बघू दे."

शिट्टी झाली. अक्कलदाढ सुसाट निघाली ती थेट भिंतीवर. तबकडी भिंतीला थडकली, अक्कलदाढ उडाली आणि पाठीवर पडली. चाकं वर, तबकडी खाली अडकलेली. दहा अंक मोजेपर्यंत हलता आलं नाही की रोबो हरला, असा नियम. पंच मोजू लागले. एक. दोन. तीन. आम्ही अजून काहीच केलं नव्हतं. भावाच्या जन्मात पहिल्यांदा देव त्याच्या दारी आला होता आणि माझी खोली चालली होती.

सहाच्या आकड्याला चिकट्या पुढे गेला, त्याने अक्कलदाढेखाली हात घातला आणि तिला सुलटी केली.

डॉक्टर म्हणाले, "आभारी आहे."

"हे काय केलंत?" मागून भावजय ओरडली.

"उलटी पडली होती!" भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. केलं त्याने होतं, पण ते त्याच्या हातांनी परस्पर केलं होतं. आमच्या दुकानात खोकं उलटं दिसलं की बोलणं अर्धं टाकून माणूस ते आधी सुलटं करतो, मग ते कोणाचंही असो. आणि खरं सांगायचं तर ती सुलटी झाली तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. "सरळ कर" हे माझ्या ओठांवरच होतं.

अक्कलदाढेला उपकाराची जाण नव्हती. ती वळली आणि तिने चिकट्याचं डावं चाक एका फटक्यात उडवलं. आता चिकट्याला सरळ जाता येईना, तो नुसता गोल फिरू लागला. तिच्याभोवतीच फिरत होता, एवढं खरं. पट्टीचं टोक अंगठ्याखालून सुटलं होतं आणि हाताशी लोंबत, जमिनीला घासत फिरत होतं.

"ताई, अंगठा!" भाऊ ओरडला.

मी मागे पाहिलं. भावजय दोन्ही डोळे मोठे करून मान हलवत होती. नको. हात नुसता मांडीवर ठेवा. आणखी एक फटका बसला की सगळं संपणार होतं. मला काही वाईट करायचं नव्हतं, काहीच करायचं नव्हतं. खोली माझ्या डोळ्यांसमोर होती. खिडकीपाशी पलंग, भिंतीला एक आरसा, आणि कोणी आत यायचं तर आधी दार वाजवणार.

आणि डोळ्यांसमोर ते टोकही होतं. धुळीने माखलेलं, सुरकुतलेलं, एवढ्या माणसांदेखत फडफडणारं. पट्टीवर लाल अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव छापलेलं. लोक ते वाचत होते. असं टोक घेऊन आमच्या दुकानातून आजवर एकही पार्सल बाहेर पडलेलं नाही.

मी बटण दाबलं. अंगठ्याने मळका शेंडा दुमडला. चिकट्या फिरत फिरत तबकडीच्या कडेशी आला तेव्हा पुन्हा दाबलं आणि धरून ठेवलं. कोणी म्हणेल घाईत केलं, तर घाईत नाही. नीट, मनापासून, दुकानात करते तसं दाबलं.

तबकडीने पट्टी पकडली आणि ओढायला सुरुवात केली. गरगर गरगर, पट्टी दातांवर, दातांमध्ये, चाकांवर, अंगावर. डॉक्टर रिमोटच्या कळा दाबत राहिले आणि अक्कलदाढ जितकी जोर करी तितकी गुरफटत गेली. थोड्या वेळाने तिथे एक खाकी गोळा उरला आणि आतून बारीक गुणगुण येत राहिली. मग तीही थांबली. पंच दहापर्यंत मोजत असताना चिकट्याने तिच्यावर 'नाजूक वस्तू' डकवलं. लोक बाकांवर उभे राहून टाळ्या पिटत होते. भावाने मला उचललं. उचलण्याजोगी मी राहिलेले नाही, पण उचललं.

परतीच्या वाटेवर भावजय माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. तिचा राग रास्त होता.

घरी आल्यावर आनंदाच्या भरात भावाने कपाट हातभर पुढे सरकवलं. "घे, ताई. आता ऐसपैस झालं की नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला खोली हवी होती," मी म्हटलं. "अजूनही हवी आहे. हातभर जागा नको मला. कपाटामागे राहून राहून माझा जीव उबगला आहे."

तो कपाटाला टेकून उभाच राहिला. "मग दाबलंस कशाला?"

"टोक सुटलं होतं."

"हां," तो म्हणाला. हे उत्तर जगात एकट्या त्यालाच पटणार होतं, आणि पटलं. त्याचे डोळे जरा ओले झाले, असं मला वाटलं. पण जिंकलेली खोली तो सोडेना. शब्द तो पाळतो, दिलेला आणि मिळालेलाही.

दुसऱ्या दिवशी तो खाली दुकानात आला. पुढची फेरी होती, आणि तबकडीने अंगठा पार खाल्ला होता. त्याने रात्रीतून नवा कापून आणला होता.

"ताई, येशील ना?"

"अजिबात नाही. तुझा रोबो, तुझी खोली, तुझं तू बघ."

"बरं," तो म्हणाला आणि अंगठा टेबलावर ठेवून माझ्यासमोरच बसवायला लागला. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. एका कडेला तिरका कापलेला. याने टोक दाबलं असतं तर एक कोपरा उघडाच राहिला असता. मला रडू आलं, ते रागाने आलं, आणि त्यातला निम्माअधिक राग माझा माझ्यावरच होता.

"दे इकडे," मी म्हटलं.