आश्रमाचं वाक्य

स्टेनोबाई तीस वर्षं न्यायालयात बसल्या. कोण काय बोललं ते त्यांनी टिपून घेतलं, की वकीलसुद्धा वाद घालत नसत. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली, तरी आपण ऐकलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हा तोरा काही उतरला नव्हता.

लेकीने भाजी निवडता निवडता विषय काढला. "आई, नवं घर बघायला मामालाही बोलावते."

"बोलाव. त्या दिवशी मी येणार नाही. सख्ख्या आईला वृद्धाश्रमात ठेवा म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही."

बहीण-भावाचा नऊ वर्षांचा अबोला लेकीला ठाऊक होता. त्यामागचं कारण आज पहिल्यांदा कानावर पडलं. तिचे हात थांबले.

"ते मामा नव्हता बोलला, आई. तू बोलली होतीस. मी तिथेच होते."

बाई तडक उठल्या. डॉक्टरांसमोर झालेलं ते बोलणंही त्यांनी सवयीने लघुलिपीत उतरवलं होतं. लेकीला खोटं पाडायलाच त्यांनी कपाटातली वही काढली. पान सापडलं. पेन्सिलीची वळणं त्यांचीच होती: 'मी - आता मला झेपत नाही. आश्रमात ठेवू. भाऊ - नको ताई, माझ्याकडे पाठव. मी - तुझ्या दोन खोल्यांत?'

तीनदा वाचलं. वही घेऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या. आई आश्रमातच गेली होती. आणि ते वाक्य इतकी वर्षं त्यांना भावाच्या आवाजात ऐकू येत होतं, अगदी त्याच्या खोकल्यासकट. तो खोकला आला कुठून?

त्यांनी फोन लावला.

"बोल, ताई," तो म्हणाला, जणू कालच बोलणं झालं होतं.

"आश्रमाचं मी बोलले होते."

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. आई आश्रमात गेली त्याच वर्षी. तू म्हणालीस, माझ्या कानांना शिकवू नकोस."

हेही त्यांना आठवेना.

"रविवारी येशील?"

"येतो."

लेक दारात उभी होती. "या वयात होतं गं असं. बोलणं लक्षात राहतं, कोण बोललं ते निसटतं."

बाईंना धाकटी जाऊ आठवली, जुनी शेजारीण आठवली. एकेका वाक्यावरून त्यांनी दोघींनाही दार बंद केलं होतं.

"मी एकेक वाक्य विचारते," त्या म्हणाल्या. "तू खरं तेच सांग."

आवाज इतका बारीक झाला होता, की लेकीने जवळ येऊन त्यांचा हात धरला.