हळू चालणारं इंजिन

लवू गावड्याच्या हातांना पाच वर्षं काम नव्हतं, आणि रिकामे हात काही गप्प बसत नव्हते. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच. पण साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, पंचवीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस घरी बसून करणार काय? त्याने चाळीतल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले, शेजाऱ्यांचे पंखे उतरवले आणि पुन्हा चढवले. मालनचा, म्हणजे बायकोचा, स्टोव्ह तर इतक्या वेळा खोलला की शेवटी तिने पिनच लपवून ठेवली. मालन खानावळ चालवायची आणि त्या खानावळीवर घर चालायचं. लवूला हे कळत होतं, म्हणूनच त्याचा पाय घरात ठरत नव्हता. लालबागहून निघायचा, दादरपर्यंत चालत जायचा आणि कुणालाही न भेटता तसाच परत यायचा.

सत्त्याऐंशी साली चाळीच्या गणपतीपुढे ‘कोकणात गाडी’ असा हलता देखावा करायचं ठरलं. त्याला कारणही होतं. संपानंतर चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गणपतीला गावी जात नव्हती. रिकाम्या हाताने घरच्या गणपतीपुढे उभं राहायची लाज वाटायची. मंडळाचे अध्यक्ष तात्या म्हणाले, "जाता येत नाही ना? मग गावच इथे आणू." प्लायवूडचा घाट, बोगदे, भाताची खाचरं, कौलारू घरं, आणि जिथे अजून रूळसुद्धा पोचले नव्हते अशा गावाला जाणारी छोटीशी, पण खरोखरची धावणारी गाडी. दहा दिवस, सकाळपासून रात्रीच्या आरतीपर्यंत. डबे चाळीतला सुतार बनवणार होता. इंजिन मात्र विकत घ्यावं लागणार होतं, आणि वर्गणी जमली होती ती बेताची. इंजिनासाठी हजार रुपये निघाले, वर एक पैसा नाही.

"इंजिन लवू बघेल," तात्या सभेत म्हणाले. "त्याला यंत्रातलं कळतं."

पाच वर्षांत लवूला काही कळतं असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याला ऐकू कमी यायचं, तरी हे वाक्य त्याने बरोबर पकडलं, कारण ते त्याने ओठांवर वाचलं. साचेखात्यातल्या कुणालाच धड ऐकू येत नसे. शेकडो साचे एकदम धडधडायचे, तिथे माणसं नुसती ओठ हलवून बोलायची. महादेव साचेवाला तर दहा साच्यांपलीकडून लवूशी गप्पा मारायचा आणि वर मुकादमाची टिंगलही करायचा, मुकादम मध्ये उभा असताना. तो महादेव आता रे रोडला एका लाकडाच्या वखारीत वॉचमन होता. दोन वर्षांत भेट नव्हती.

त्या दिवसापासून लवूने मनाशी पैजच लावली. इंजिन दहा दिवस चाललं, तर आपल्याला अजून यंत्र कळतं. मध्येच बंद पडलं, तर मिलबरोबर आपणही बंद पडलो असं समजायचं. ही पैज त्याने कुणाला सांगितली नाही, मालनलाही नाही. ती एवढंच म्हणाली, "मगासपासून बघतंय, जेवतानाव हात चललेत तुमचे."

पहिल्यांदा तो फोर्टातल्या खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात गेला. बरोबर चंदू होता. चंदू म्हणजे मंडळाचा सजावटवाला, बेस्टमध्ये कंडक्टर, आणि चमकणारं दिसलं की विरघळणारा. काचेच्या कपाटात जर्मन इंजिनं होती. एकेकाची किंमत मंडळाच्या हजाराच्या तिप्पट. आपल्याला परवडेल असं काय आहे, विचारल्यावर विक्रेत्याने रंगीत खोका पुढे केला. त्यात इंजिन, चार डबे, गोल रूळ, सिग्नल, सगळं. चंदू म्हणाला, "घे ना काका! सगळा सेट येतोय हजारात." लवूने इंजिन तळहातावर घेतलं. ते रिकाम्या काडेपेटीइतकं हलकं होतं. उलटं करून पाहिलं, तर दातेरी चाकं प्लास्टिकची. विक्रेत्याने बटण दाबताच ते भन्नाट पळालं आणि दोन फेऱ्यांत जळका वास सुटला.

"दहा दिवस?" विक्रेता हसला. "साहेब, हे मुलांना वाढदिवसाला द्यायचं असतं." पण माणूस भला होता. त्याने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. दादरच्या पारशी कॉलनीत एक म्हातारा बावाजी आपली जुनी इंजिनं विकत होता.

पेसी बावा पंचाहत्तरीचा होता. रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला. त्याच्या जेवणाच्या टेबलावर रूळ होते आणि जेवण खिडकीत. त्याने हजाराच्या आतली दोन इंजिनं काढली. एक काळंभोर, वाफेचं. पितळी पट्ट्या, खरा धूर सोडणारं, शिट्टीही होती. चंदूचे डोळे लकाकले. दुसरं हिरवं, बुटकं, यार्डात डबे ढकलणारं डिझेल. त्याचा रंग कोपऱ्यांवर उडाला होता. बावाने दोन्ही फिरवून दाखवली. काळं धूर सोडत असं झोकात गेलं की चंदूने टाळीच वाजवली.

लवूने मात्र टाळीकडे लक्ष दिलं नाही. साचा दुरुस्त झाला की त्याला लगेच पट्टा लावायचा नसतो. आधी हाताने हळूहळू फिरवून बघायचा. जोरात सगळंच चालतं, खोट दिसते ती हळू फिरवताना. हे तो पंचवीस वर्षं करत आला होता.

"बावाजी, अगदी हळू चालवा," तो म्हणाला. "मुंगी चालते तसं."

बावाच्या भुवया वर गेल्या. "तू कोन रे? रेल्वेवाला?"

"नाही. मिलवाला."

बावाने बटण अगदी थोडं फिरवलं. काळं इंजिन थांबलं, झटका देऊन पुढे उडी मारली, पुन्हा थांबलं. हिरवं मात्र रुळांखालचा एकेक स्लीपर मोजल्यासारखं सरकत राहिलं, कुठे अडखळलं नाही. लवूने टेबलावर बोटं टेकवली. कानांपेक्षा बोटांवर त्याचा जास्त भरवसा होता. हिरव्याची थरथर एकसारखी, बारीक होती. उलटं केलं, तर वजन चांगलं, दातेरी चाकं पितळेची, आणि काळ्याची दोनच चाकं रुळातून वीज घेत होती, तर याची सगळीच. पाच वर्षांत पहिल्यांदाच लवूला खात्रीने काहीतरी कळत होतं.

"हेच," तो म्हणाला.

"हे?" चंदूने नाक मुरडलं. "काका, हे काय दिसतंय! पब्लिक धूर मागतं."

"पब्लिकला धूर पायजे तर उदबत्त्या लावू."

बावा खो खो हसला. इंजिन कागदात गुंडाळताना म्हणाला, "आनि हां, तेलाचं सांगते. याला तेल..."

"तेलाचं मला नका सांगू, बावाजी," लवूने त्याला तोडलं. "उभा जन्म तेलातच गेला माझा."

चतुर्थीला गाडी सुरू झाली. चाळीतल्या म्हाताऱ्या बायका खाचरं बघून एकमेकींना आपापल्या वाड्या दाखवू लागल्या. लवू देखाव्याच्या बाजूला स्टूल टाकून बसला, पण बसला म्हणायचं एवढंच. दर फेरीला उठायचा, वाकायचा, प्लायवूडवर बोटं ठेवायचा. मिलमधून आणलेली तेलाची कुपी त्याने इतकी वर्षं जपून ठेवली होती. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तो इंजिनाला तेल द्यायचा, साच्याला देतात तसं मनापासून. साचेखात्यात तेलाच्या बाबतीत कंजुषी करणारा फिटर कुणाला आवडत नसे.

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, मंडपात तोबा गर्दी असताना गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली. लवूने बोटाने ढकललं. वीतभर गेली, परत थांबली. पुन्हा ढकललं, आता हललीच नाही.

"गाडी लेट आहे!" कुणीतरी ओरडलं. गर्दी हसली. "कोणी आणलंय रे हे डबडं?"

चंदूने लवूकडे पाहिलं. तात्यांनी पाहिलं. ‘मी’ म्हणायला किती वेळ लागतो? पण लवूच्या तोंडाला कुलूप लागलं. तो मान खाली घालून पडद्यामागे गेला आणि तिथे, गणपतीच्या पाठीशी, रिकाम्या नारळांच्या पोत्यावर बसून राहिला. त्याला लाज वाटली. लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली, की पैज आपण हरलो.

तात्या मागोमाग आले. "तुझा काय दोष नाही रे," ते म्हणाले. "बावाने फसवलं. उद्या ते परत कर नि काळं घेऊन ये. नाय ऐकलं तर आम्ही चार जण येतो."

सकाळी मालनने पुढे केलेला चहा तसाच ठेवून तो इंजिन पिशवीत घालून निघाला. भारतमाता, परळ, हिंदमाता, सगळा रस्ता तो मनातल्या मनात बावाशी भांडत गेला. बावाने दार उघडलं तेव्हा निम्मं भांडण होऊनही गेलं होतं. उरलेलं निम्मं त्याने उंबऱ्यातच केलं.

बावाने चष्मा लावला, चार स्क्रू काढले आणि इंजिनाचं हिरवं कवच उचललं. आतून तेल टेबलावर ओघळलं. मोटर तेलात बुडाली होती. चाकं, दाते, वीज घेणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, सगळ्यांवर तेलाचा थर होता, आणि त्यात मंडपातली धूळ आणि गुलाल मळला होता.

"डिकरा," बावा म्हणाला, "हे इंजिन हाय, भजी नाय."

लवूने बोटाने तो थर खरवडून पाहिला. बावाने शिवणाची सुई घेतली, तेलात टोक बुडवलं आणि त्याच्यापुढे धरलं. टोकावर दिसेल न दिसेल एवढा थेंब होता. "एवढा. दहा दिवसांत दोन वेळ. रुळावर तेल लागला, की वीज बंद. तेच सांगत होतो मी तवा."

"मी बोलू दिलं नाही तुम्हाला," लवू म्हणाला.

स्पिरिट आणि जुन्या सदऱ्याची चिंधी घेऊन दोघांनी एकेक चाक पुसलं. लवूचे हात कामाला लागले. दहा वाजता हिरवं इंजिन टेबलावरून पुन्हा स्लीपर मोजत सरकलं. निवड चुकली नव्हती, हात चुकला होता. पण त्या हातावरच तर पैज होती. पैसे द्यायला गेला, तर बावाने हात झटकला आणि उरलेलं स्पिरिट बाटलीसकट त्याच्या पिशवीत टाकलं.

परतीच्या वाटेवर एक वाक्य आपोआप तयार झालं होतं. ‘बावाने खराब माल दिला होता, आता नीट करून दिला.’ तात्यांनी विश्वास ठेवला असता. कुणी पारशी कॉलनीत विचारायला गेलं नसतं. लवू आपल्या मिलच्या फाटकापाशी आला, तेव्हा ते वाक्य जिभेवर पक्कं बसलं होतं. फाटकाला साखळी होती. आतून रानवेल चढून वर आली होती. आत हजारो माणसांचं काम थांबलं तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, मालक, पुढारी, सरकार. लवूही दाखवत होता. त्याला एकदम त्या वाक्याचा वीट आला.

मंडपात तात्या आणि चंदू तयारच होते. "काय म्हणाला बावा?"

"इंजिन चांगलं आहे. मी जास्त तेल पाजलं, म्हणून बसलं."

"म्हणजे चूक तुझी?"

"माझी."

चंदू म्हणाला, "मग काल का नाय बोललास, काका? सगळे हसत होते."

"काल कळलं नव्हतं," लवू म्हणाला. "आणि कळलं असतं तरी बोललो नसतो." तात्यांनी चिंधी उचलली. दुपारपर्यंत तिघांनी मिळून रुळांचं वीत न् वीत पुसून काढलं. तेलाची कुपी लवूने घरी नेऊन मालनच्या हातात दिली. तिने ती शेवयांच्या साच्याला लागेल म्हणून फळीवर ठेवली आणि गाळलेला चहा पुन्हा गरम केला. या वेळी तो बसून प्यायला.

सातव्या दिवशी संध्याकाळी मंडपाबाहेर ढोलताशा आला. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. गाडी खाचरांमधून मुंगीच्या पावलांनी चालली होती. लवूने मान वर केली, तर गर्दीच्या पार पलीकडे, बांबूला टेकून, वॉचमनच्या खाकी गणवेशात महादेव उभा होता. तो गाडीकडे बघत होता. मग त्याने लवूकडे पाहिलं आणि ओठ हलवले, साचेखात्यात हलवायचा तसे, आवाजाशिवाय.

*कोणी निवडलं?*

आजूबाजूला शंभर माणसं होती आणि एकालाही पत्ता नव्हता. लवू स्टुलावरून उठला. दहा साच्यांपलीकडे वाचता यावं एवढं तोंड उघडून त्याने सांगितलं.

*मी.*

महादेवने गाडीची एक फेरी शेवटपर्यंत पाहिली. *हळू चालतंय,* तो म्हणाला.

*म्हणूनच घेतलं,* लवू म्हणाला, आणि त्याने बोटं प्लायवूडवर ठेवली.