पांढरी काळी-पिवळी

मुलचेऱ्याच्या स्टँडवर दिव्या या ड्रायव्हर पोरीच्या गाडीचा नंबर दोन वेळा लागला आणि दोन्ही वेळा गाडी रिकामी उभी राहिली. आज तिसरी पाळी. "आज भरली नाई तं नंबर काटतो," स्टँडचे प्रमुख गुणवंतराव म्हणाले होते, आणि हा माणूस बोलला म्हणजे करणारच.

भाड्याच्या गाडीला इथे सगळे काळी-पिवळी म्हणतात. पूर्वीच्या जीपा खाली काळ्या, टपावर पिवळ्या असत, त्यावरून पडलेलं हे नाव. दिव्याची गाडी मात्र पांढरीशुभ्र, परवान्यासकट रीतसर घेतलेली. तिच्यासाठी दिव्याच्या बापाने, लालसूने, बैलजोडी विकली होती. नंबर गेला तर बापाला काय तोंड दाखवायचं?

समोर सुकलेल्या मोहफुलांचं पोतं घेऊन अंजनाबाई केव्हाची उन्हात उभी होती. शेवटी दिव्याच खाली उतरली.

"आष्टीले जाता ना बाई? मंग बसत काऊन नाई?"

"मी काळी-पिवळीची वाट पाहून राह्यली. हे तं साहेबाची गाडी होय. आमी कायले बसू?"

घ्या! जंगलातल्या गावात पांढरी गाडी आली की माणसं वाटेतून बाजूला होतात, हे दिव्याला लहानपणापासून ठाऊक. आणि ती स्वतः दोन पाळ्या साहेबासारखी काच लावून, तोंड शिवून आत बसली होती. तिला स्वतःचाच राग आला.

तिने पोतं उचललं, टपावर चढली आणि दोरीने करकचून बांधलं. मग खाली उतरून दारावर थाप मारली आणि घसा फोडून ओरडली, "आष्टी, आष्टी, आष्टी! एकच सीट, एकच सीट!"

आत माणूस नव्हता एकही, पण सगळे काळी-पिवळीवाले असंच ओरडतात. माणसं वळली. टपावर पोतं, खाली हा कालवा. साहेबाची गाडी कसली! अंजनाबाई आत जाऊन खिडकीशी बसली, बाजाराला निघालेले दोघे आले, मागून कोंबड्यांची टोपली आली, मग दाटीवाटीने सगळी गाडी भरली. गुणवंतरावांनी वहीत तिच्या गाडीचा पुढचा नंबर लिहिला.

दिव्याने गाडी सुरू केली. आनंद तिच्या छातीत मावत नव्हता. तेवढ्यात अंजनाबाईने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि झाडाखालच्या शेजारणीला हाक मारली.

"पळत ये वो नीलाबाई, काळी-पिवळी निघाली!"